एमरीच्या चुकलेल्या गोळ्या

शनिवार, ३ मे

दहापैकी चार! सीझनची पहिलीच मॅच आणि ही अब्रू!

दोष रायफलचा आहे. मोठी काडतुसं परवडेनात, म्हणून माझ्या ए.आर. रायफलमधला फौजी बोल्ट काढून हा पॉइंट टू-टूचा, बारक्या स्वस्त काडतुसांचा, छोटा बोल्ट बसवला. दोन मिनिटांचं काम. पण नळी तीच, मोठ्या गोळीसाठी कातलेली. हलकी गोळी तिच्यातून वाट्टेल तशी पळते. क्लबातला माझा शेजारी एमरी कुंकल म्हणतो, "ट्रकला शिलाई मशीनची मोटर लावलीस, व्हर्ना, आता चढावर रडतेस कशाला?" त्याचं काय जातंय! त्याची रायफल दिसायला माझ्या रायफलसारखीच फौजी, पण कारखान्यातून निघाली तीच पॉइंट टू-टू म्हणून.

रागाच्या भरात सगळ्यांसमोर बोलून बसले — यंदा ए वर्गातून खाली घसरले तर रायफल विकीन आणि या क्लबात पुन्हा पाय ठेवणार नाही. कोणी हसलं नाही. एमरीसुद्धा नाही.

शनिवार, १७ मे

आठ! नळी घासून घासून शिसं काढलं, बरोबर वठणीवर आली.

एमरीला मात्र सहा. आमच्याकडे आपला कागद आपण मोजायचा नाही, शेजाऱ्याने मोजायचा. सहा नंबरला एमरी, सात नंबरला मी, वीस वर्षं हेच. त्याने माझा मोजला, मी त्याचा. तीनदा मोजला, बोट लावून. सहाच भोकं.

"बाकीच्या चार कुठे गेल्या?"

"मागच्या मातीच्या बांधात गेल्या असतील. घुशी मारायला."

शनिवार, ७ जून

मला नऊ. त्याला पुन्हा सहा.

आणि ती सहा कशी? मधोमध, एका नाण्याखाली झाकतील अशी! ज्याचा हात हलतो त्याच्या गोळ्या कागदभर सांडतात. सहा नाण्याखाली आणि चार कागदाबाहेर? इतकं व्यवस्थित कोणी चुकतं का?

रविवार, ८ जून

कळलं! चर्चमध्ये प्रवचन चालू असताना कळलं, आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

ऑगस्टमध्ये सरासरी काढून वर्ग ठरतात. सातच्या खाली गेला तो बी वर्गात. सप्टेंबरमध्ये जिल्ह्याची मॅच. बी वर्गात एमरीच्या तोडीचं कोण आहे? ढाल त्याची, बक्षिसाचा स्मोक्ड हॅमही त्याचा. मुद्दाम हरतोय लबाड!

एकोणतीस वर्षं टपाल वाटलं मी. दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळायचं, नोटिशीची वाट बघतोय की प्रेमपत्राची. एमरीचा चेहरा सध्या तसाच, कशाचीतरी वाट बघणारा आहे.

शनिवार, २१ जून

मला आठ, त्याला पाच. मोजून झाल्यावर माझा कागद त्याने घडी करून खिशात घातला.

"माझा कागद तुला कशाला?"

"शेकोटी पेटवायला. तुझ्या कागदाला भोकं जास्त, वारा छान लागतो."

सगळे हसले. मी नाही हसले. कुठेतरी पाणी मुरतंय.

शुक्रवार, ४ जुलै

अग्निशमन दलाच्या हॉलमागे जेवण होतं. बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी, भाजलेली कणसं, लोकांची झुंबड. लिंबू सरबताच्या टेबलामागे एमरी आणि माझी बहीण आर्लीन कुजबुजत होते. मी गेले तशी दोघांची तोंडं मिटली.

"काय चाललंय?"

"काही नाही गं, हवेबद्दल बोलत होतो," आर्लीन म्हणाली.

हवेबद्दल! निरभ्र आकाशाखाली! एकाहत्तराव्या वर्षी हा आर्लीनच्या मागे लागलाय की काय? की तिलाही कटात घेतलंय?

गाडीत ती माझ्यावरच उलटली. "डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख दोनदा पुढे ढकललीस, व्हर्ना. लाज वाटते का?" विषय बदलायची ही पद्धत! माझे डोळे ठणठणीत आहेत. नळीच्या टोकाची माशी, नेमाची ती खूण, जरा धुरकट दिसते, पण ती उन्हामुळे. नेम धरताना सगळ्यांनाच तसं होतं.

शनिवार, ५ जुलै

मला आठ, त्याला चार. चार!! याला म्हणतात निर्लज्जपणा.

शनिवार, १९ जुलै

मला आठ, त्याला तीन.

मग तोंडावर विचारलंच. "खरं सांग एमरी, मुद्दाम चुकतोस ना?"

कानापर्यंत लाल झाला. "म्हातारा झालो गं. हात थरथरतात."

पाच मिनिटांनी त्याच हातांनी काठोकाठ भरलेला कॉफीचा कप आणून दिला. थेंब सांडला नाही.

गुरुवार, २४ जुलै

समितीला पत्र लिहिलं. तारखा, आकडे, सगळं. मुद्दाम चुकणाऱ्याला क्लबात कायमची बंदी, नियम साफ आहे. क्लबच्या पेटीत टाकून आले. सोमवारी, चार ऑगस्टच्या बैठकीत वाचतील.

बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. क्लब सोडला तर एमरीला आहेच काय? एका वर्षी बर्फाच्या ओझ्याने माझं छप्पर वाकलं तेव्हा फावडं घेऊन पहाटे दारात उभा होता, मी फोन करायच्या आधी. आठवलं आणि रडूच आलं. पण लबाडी ती लबाडी. ओळखीचा म्हणून सोडायचं का?

शनिवार, २ ऑगस्ट

बैठकीआधी डोळ्यांदेखत पुरावा हवा होता. म्हणून आज घाईच्या फेरीत, एका मिनिटात दहा गोळ्यांची ती, मी मॅगझिन भरलंच नाही. नुसती रायफल टेकवून पडून राहिले आणि दुर्बीण मागच्या बांधावर लावली. आठ रायफली एकदम तडतडतात, कोण गप्प आहे कोणाला कळतंय! एमरीच्या गोळ्या जिथे मातीत घुसतील तिथे धूळ उडणार. ती जागा टिपून ठेवायची.

त्याच्या कागदाच्या आजूबाजूला धूळ नाहीच उडाली. ना वर, ना खाली! दुर्बीण पुसली, पुन्हा बघितलं. नाही म्हणजे नाही.

फायरिंग थांबल्याचा हाकारा झाल्यावर आधी त्याचा कागद काढून मोजला. तीन भोकं. मग माझा कोरा कागद त्याला दिसू नये म्हणून तोही ओढून काढला, न बघताच घडी केली आणि पिशवीत कोंबला.

"अगं, माझ्याकडे दे! मी मोजतो ना!" एमरी मागून धावत आला. चेहरा पांढराफटक.

"रायफल अडकली माझी. ही फेरी लिहू नकोस," असं रेंज ऑफिसर बॉइडला सांगून मी सरळ गाडीत बसले. एमरी गाडीपर्यंत आला. काचेवर टकटक केली. मी काच खाली केली नाही.

रविवार, ३ ऑगस्ट

कागद कोरा आहे, पुन्हा वापरता येईल, म्हणून घडी उघडली.

कोरा कुठला, भोकं होती. मला ती नीट दिसेनात, म्हणून आर्लीनला मोजायला लावली. सात. सगळी काळ्या गोलात. आर्लीन माझ्या शेजारी बसली.

मी एकही गोळी झाडली नव्हती; त्याच्या कागदावर तीन, माझ्यावर सात, त्याच्या दहा पुऱ्या. १९ जुलैला मला आठ होते आणि एमरीला तीन. म्हणजे त्या आठांतली सात त्याची, माझी एक.

उद्या ते पत्र वाचायच्या आधी मी उभी राहणार आणि सगळ्यांसमोर सांगणार, मला दिसत नाही.