भिंतीपाशी उभे राहा

बाबा, परवा माझ्या एका शब्दावर एक म्हातारा दुपारभर उन्हात उभा राहिला, आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. हे तुम्हालाच विचारायला हवं होतं. साहेबाच्या दारातल्या स्टुलावर नोकरी काढलेला माणूस आपल्या घरात दुसरा कोण होता?

परसवाड्याकडचा होता तो, माझ्या ऑफिसात वडिलांची जमीन आपल्या नावावर करून घ्यायला आलेला. पाळी नसताना पुन्हा पुन्हा आत शिरायला लागला, तेव्हा मी वैतागून म्हटलं, "तिकडे भिंतीपाशी उभे राहा, मी बोलावते." आणि बैठकीला उशीर होतो म्हणून मागच्या दारानं निघून गेले. बालाघाटचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. मी गेले तेव्हा त्या भिंतीला सावली होती. परत येऊन सहज खिडकीतून पाहिलं, तर म्हातारा तिथेच, दोन्ही हात भिंतीला टेकवून उभा, पाय लटलटताहेत, आणि धोतर ओलं झालेलं. लघवीलासुद्धा हलला नव्हता हो! आणि शेजारच्या व्हरांड्यात बाकडं रिकामं.

मी धावत गेले. "अहो, बसला का नाहीत?" तर म्हणतो, "तुमीच त सांगतलं न बाई, उभे राहा म्हणून." चपराशावर ओरडले, तर तो माझ्याकडेच नवलानं पाहायला लागला. "मॅडम, आपनेही तो बोला था. मी कसा बसवू त्याले?" रांगेतल्या एका बाईनं म्हाताऱ्याला पाणी नेऊन दिलं होतं, पण बसा म्हणायची हिंमत तिचीही झाली नव्हती. "सारेच चूप होते," ती म्हणाली, "मले वाटलं, काही गुन्हा केला असन यानं." म्हणजे सगळे गप्प म्हणून ती गप्प, आणि ती गप्प म्हणून सगळे.

आणि मला तुमचं बैहरचं ऑफिस आठवलं. मी आईचं बोट धरून उभी आहे. आजोबा गेल्याचं सांगायला आम्ही आलो आहोत, आणि तुम्ही दार सोडायला तयार नाही. "सायेब म्हणून गेले, मी येईपर्यंत इथून हालू नको." आई हंबरडा फोडते, "अवो, तुमचा बाप मेला!" तुम्ही म्हणता, "हौ, आयकलं," आणि बसून राहता. आतले बाबू खाली मान घालून कामं करताहेत. एकाच्याही तोंडून 'जा' निघत नाही. साहेब संध्याकाळी आला. बापाची माती झाल्यावर तुम्ही गावाला पोचलात.

त्या दिवसापासून मी तुम्हाला भेकड ठरवलं आणि त्या साहेबाला राक्षस. पण बाबा, तो राक्षस नसणार. तो विसरला असणार! बोलला आणि विसरला. कुठेतरी चहा पीत बसला असेल. मीही बैठकीत समोसा खाल्ला, कुणाच्या तरी विनोदावर हसले, आणि इकडे माझा शब्द त्या म्हाताऱ्याला भिंतीशी धरून बसला होता. राक्षस असता तर निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

म्हाताऱ्याला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. आता बरा आहे. ऑटो गेल्यावर मी व्हरांड्यात उभी राहून ओरडले, "बसा सगळे! इथे कुणीही उभं राहायचं नाही!" आणि सगळी रांग मटकन खाली बसली. तापलेल्या फरशीवर, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा. चपराशीही बसला. का म्हणून कुणी विचारलं नाही.

हे पत्र मी कुठल्या पत्त्यावर टाकणार? पण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही म्हणून तुम्हाला सांगते. ते सगळे एका दमात खाली बसले ना, तेव्हा मला बरं वाटलं.