मासं वर आल्यात

६ डिसेंबर २००५, मंगळवार

आज पण तळ्यात मरळ गळाला लागली. दीड किलोची तरी असंल. आमिष म्हणून लावलेली कापडाची बेडकी गिळली न् शेवाळात घुसली. बराच वेळ झोंबाझोंबी, मग काठाला घेतली, गळ काढला, सोडून दिली. अंडं नुसतं बघितलं तरी आमची आई, अव्वा, अंघोळ करती, अशा घरात कुणाला सांगू की मला ह्यातच सुख वाटतं? बारा वर्सं फिरायला जातो म्हणून सांगतोय.

पण तळं बरं न्हाय. तीन दिवस आभाळ धरलंय, ऊन न्हाईच. पाणी हिरवंगार, वास मारतंय. गाळ एवढा की मधोमध गेलं तरी पाणी छातीला लागतंय. आणि उजाडताना रोहू तोंडं वर काढून उभं! पाण्यातली हवा संपली की मासा असा वर येतो. पाच वर्सामागं थंडीत असंच झालतं. एका सकाळी मेलेल्या माशांनी सगळं तळं पांढरं. तळ्यातल्या माशांचा ठेका केरबा भोयाचा. गडी काठावर बसून पोरागत रडला.

७ डिसेंबर, बुधवार

केरबाला सांगायला पायजे. पण काय सांगू? वर्षभर तो चोर शोधतोय — पहाटं कोण गळ टाकतंय म्हणून. चौकात आईमाईवरनं शिव्या घालतो. मी तिथंच उभा असतो, मान डोलावतो. मी मासा परत सोडतो म्हटलं तर कोण मानंल?

आणि केरबाला कळलं की गावाला कळलं, गावाला कळलं की अव्वाला. रविवारी निपाणीचे शिवगोंडा पाटील माझ्या पोरीला, दानीला, बघायला येणार. मठाची माणसं, कडक. मध्यस्थाला आधीच विचारलंय, "घरात खाण्यापिण्याचं शुद्ध हाय न्हवं?" असलं स्थळ दानीला परत कुठलं मिळायचं!

मरळ मरत न्हाय. ती वर येऊन हवा घेती. मरणार ते रोहू न् कटला, केरबाचं. माझं काय जातंय — हे आज मनात आलं. लाज वाटली, पण आलं.

८ डिसेंबर, गुरुवार

गेलो न्हाय. आभाळ तसंच.

९ डिसेंबर, शुक्रवार

राहवलं न्हाय, गेलो. मासं काठाला येऊन हातात येत होतं. पळतच न्हवतं. काही उलटं झालतं.

तसाच केरबाच्या दारात गेलो. तो दात घासत होता. म्हटलं, मासं वर आल्यात.

"तुला काय ठावं?"

"बघून आलो."

"एवढ्या पहाटं तू तिथं काय करत हुतास?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पायाकडं. पँट गुडघ्यापतोर ओली.

"म्हंजे माझा चोर तू व्हय, रुद्राप्पा? शाळंत एका बाकावर बसलो आपण."

"मी सोडतो रं परत. एक पण घरला नेला न्हाय."

"सोडतोस? मग धरतोस कशाला, भडव्या?"

तो तोंड न धुताच तळ्याकडं पळाला.

१० डिसेंबर, शनिवार

पाणी उपसून उंचावरनं परत तळ्यात सोडायचं, म्हणजे हवा मिसळती. पण मोटरी चालणार कशावर? दिवसाचा निम्मा वेळ लाईट न्हाय. डिझेल इंजिन माझ्याकडंच. केरबानं मागितलं न्हाय. नुसता उभा राहिला.

विहिरीवरनं इंजिन काढलं, बैलगाडीत घातलं, बांधावर नेलं. गावाचा रस्ता त्याच बांधावरनं येतो. उद्या पावण्यांची जीप पण तिथनंच येणार. काढून घेऊ का सकाळी? केरबा म्हणतो, "थांबलं तर गेलंच सगळं."

दानी डबा घेऊन आली. बघता बघता चिखलात उतरली, पाईप खांद्यावर घेतला. ओरडलो, घरला जा, उद्या तुला बघायला यायल्यात. "बघू द्यात की," म्हणाली. हिला कशाचं काय वाटत न्हाय.

११ डिसेंबर, रविवार

जीप बांधावर थांबली. मी इंजिनापाशी, अंगावर चिखल. शिवगोंडा पाटील खाली उतरले, बघितलं, परत बसले. मी शेतातनं पळत घर गाठलं, पाठीमागं अंघोळ केली, धोतर नेसलो. हाताचा वास काय जाईना.

पोहे झाले. दानी येऊन बसली, नाव-गाव-शिक्षण झालं. पोरगा चांगला हाय. मग पाटील म्हणाले, "तळ्यावर इंजिन कुणाचं हो ते?"

"माझं."

"शेताला पाणी काय?"

व्हय म्हणायचं होतं. तेवढंच म्हणायचं होतं. म्हटलं, "न्हाय. मासं मरायल्यात."

"मेलं तर मेलं. तुमचा काय संबंध त्यांच्याशी?"

असा राग आला मला! ते उलटं झालेलं मासं डोळ्यांपुढं आलं आणि तोंडातनं निघून गेलं — "मी गळ टाकतो तिथं. बारा वर्सं."

बायकोच्या हातातला तांब्या पडला. अव्वानं पदर तोंडाला लावला. दानी माझ्याकडं बघत राहिली. पाटलांनी चहाचा कप तसाच ठेवला. "बरं, कळवतो," म्हणाले. जीप गेली.

मी पोरीचं वाटोळं केलं.

१३ डिसेंबर, मंगळवार

काल ऊन पडलं. अर्ध्याच्या वर मासं वाचलं. केरबा सांगायला आला, अव्वानं दार लावून घेतलं.

बायको बोलत न्हाय. माझं ताट वेगळं काढलंय.

१६ डिसेंबर, शुक्रवार

निपाणीचा फोन. पोरगी पसंत हाय! पण मी त्या तळ्याला परत पाय लावायचा न्हाय. कबूल असंल तर साखरपुडा पंचवीसला.

अव्वानं पूजेला बसवलं. "गळ्यातल्या लिंगावर हात ठेव आन् म्हण, तळ्याला पाय लावणार न्हाय." म्हटलं. कापडाच्या बेडक्या चुलीत घातल्या. बायकोनं एवढ्या दिवसांनी मला चहा दिला.

दानीला विचारलं, पोरगा आवडला का? "बरा हाय की," म्हणाली. "आन् तुमचं तळं?" म्हटलं, ते सुटलं आता.

इंजिन अजून बांधावरच हाय. आणायला मला जाता येत न्हाय.

२३ डिसेंबर, शुक्रवार

परत आभाळ आलंय. मी वर बघायचं बंद केलंय.

२५ डिसेंबर, रविवार

आज साखरपुडा. पहाटं केरबा दारात आला. "मासं वर आल्यात. माझी पाठ गेलीया, हँडल मारता येईना." मी मान खाली घातली. तो तसाच परत गेला.

मी ओट्यावर बसून राहिलो. उजाडलं, आणि तळ्याकडनं इंजिनाचा आवाज आला. जुनं इंजिन, केरबा सोडून ते दोघांनाच चालू करता येतं. मला आणि दानीला. आत जाऊन बघितलं. दानीची साडी, बांगड्या, सगळं तसंच पडलेलं. बायको कपाळाला हात लावून बसलेली. दहाला पावणं बांधावरनं येणार.

मी चप्पल घालायला लागलो. अव्वा हार करत होती. वर न बघता म्हणाली, "बस खाली. शपथ तू घेतलीयास. तिनं न्हाय."