नवेगावची उडी

१० फेब्रुवारी १९५७

आला! मुक्या सिनेमाच्या जमान्यावर काढलेला तो सिनेमा अखेर गोंदियाच्या टॉकीजला लागला. चौकात गुलाबचंद शेठने सगळ्यांसमोर मिठी मारली — "शालीकराम, हिरोईन बनके तालाब में कूदे, और हमको बताया तक नहीं!" येत्या रविवारी खेळाआधी मला शाल-नारळ द्यायचं ठरलंय. मी नको म्हणालो नाही.

११ फेब्रुवारी

कुणाजवळ बोलू? इथेच लिहितो. उडी मी मारली नव्हती.

चोवीस साली कंपनी नवेगावच्या तलावावर आली होती. सिनेमात काम करायला बायका मिळत नसत. मी सतरा वर्षांचा, ओठावर लव नाही — मलाच लुगडं नेसवलं. खडकावरून पाणी पाहिलं आणि मी मागे पळालो! शेवटी मुर्रीच्या बिसरामने उडी मारली. कंपनीच्या सामानाची बैलगाडी हाकायचा तो. माझंच लुगडं नेसून उडाला, कंबर दगडावर आपटली. आजही लंगडत चालतो.

हिरोईनच्या जागी दुसराच उडाला हे बाहेर फुटू नये, म्हणून मालकाने सगळ्यांना कॅमेऱ्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. मी तेव्हा तंबूत तोंड लपवून बसलो होतो.

दोन वर्षांपूर्वी या सिनेमाचा लेखक मुंबईहून घरी आला. "ती उडी तुम्हीच मारली ना?" मी हो म्हणालो. जीभ झडली नाही माझी!

१३ फेब्रुवारी

सगळं सांगून टाकायचं ठरवून मुर्रीला गेलो. बिसराम अंगणात दोर वळत होता.

"काऊन रे, आज वाट चुकला का?"

धानाच्या भावावर बोललो. देवकावहिनींच्या हातचा चहा प्यालो. निघताना बिसरामच म्हणाला, "मलेबी दाखव ना तो सिनेमा."

१४ फेब्रुवारी

भेकड तो भेकडच.

१५ फेब्रुवारी

दुपारच्या खेळाला दोघांना नेलं. पडद्यावरचा नट उडीआधी आरशासमोर मिशी उतरवतो. घरी जातो, तर बाप दार लावून घेतो — "मी जिवंत असताना मिशी काढलीस?"

मिशीचं मी लेखकाला सांगितलंच नव्हतं! मला मिशी होतीच कुठे? ती बिसरामची. त्याच्या बापाने त्याला मिशी वाढेपर्यंत गोठ्यात निजवलं होतं.

वहिनी लग्न होऊन नंतर आल्या, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊजी, लय सोसलं तुमी." बिसराम पडद्याकडेच पाहत राहिला. लाज वाटली, फार लाज वाटली.

१६ फेब्रुवारी

राहवलं नाही. पुन्हा मुर्रीला गेलो. विचारलं, "मिशीचं लेखकाला कोण बोललं?"

"मीच. तो पयले माह्याकडंच आला होता. उडनाऱ्यानं मिशी काढली, बापानं घरात घेतलं नाई, इतकंच सांगलं. कोन उडला ते नाई सांगलं. मले शपथ होती ना!"

"मग?"

"तू तं तंबूत होता. तुले शपथ नवती. म्हनून त्याले तुह्याकडं धाडलं. म्हटलं, शालीक सांगन माहं नाव."