गवताच्या पट्ट्यातली माती

घरून, ४ मे

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. रीतीप्रमाणे पाठवते आहे. त्यात मनापासूनचे किती, ते मोजत बसू नकोस.

तू डोंगराच्या पायथ्याशी सुखरूप पोचलीस हे मला शेजारणीकडून कळलं. माझा फोन उचलला गेला नाही म्हणून तू तिला केलास म्हणे. मी नळ बंद करायला गेले होते, मेले नव्हते.

एकदा स्पष्टच लिहिते. आपल्या दोघींत मातीचं शास्त्र शिकले मी. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं घालवली ती मी. तू जन्मभर शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकलीस. आणि आमचा चष्मिस, जो माझ्या हाताखाली नळ्या विसळत मोठा झाला आणि आता पीएच.डी. होऊन डॉक्टर म्हणवतो, तो घरी येऊन माझ्या गुडघ्यांकडे बघतो, मॅडम तुम्ही घरूनच मार्गदर्शन करा म्हणतो, आणि डोंगरावर मातीच्या पिशव्या वाहायला तुला घेऊन जातो! तूही एका पायावर तयार. तोंडदेखलं सुद्धा नाही म्हणाली नाहीस.

असो. तो डोंगर मी पायाखाली घातलेला आहे. खाली रुंद पानांचं जंगल, मग सूचिपर्णी झाडं, मग खुरटी झुडपं आणि माथ्यावर नुसतं गवत. जसजसं वर जावं तसतसं मातीत झाडांना सहज मिळणारं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, वाढत जातं, हे मी दाखवून दिलं. आमच्या संस्थेच्या जिन्यात तो आलेख माझ्या नावानिशी लावलेला आहे. चष्मिसाला नवं काही सापडायचं नाही. तू मात्र दर पट्ट्यात वरचा पालापाचोळा बाजूला सारूनच माती घे आणि पिशवीवर लगेच खूण कर. तुझा धांदरटपणा मला ठाऊक आहे.

थोडाफार लोभ शिल्लक आहे, तो पुरवून वापर.

तुझी ताई

*

तळावरून, २ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र शिध्याच्या गाडीबरोबर आलं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसले. राग मानू नकोस, तो तुझ्याकडे आधीच पुष्कळ आहे.

चारही पट्टे झाले. गवताच्या पट्ट्यात वारा असा, की मला माझीच शिट्टी ऐकू येईना. हो, ती मी बरोबर आणली आहे. धुक्यात कुणी चुकलं की फुंकते. सर, म्हणजे तुझा चष्मिस, म्हणतात, एवढ्या वर्षांत त्यांना मिळालेलं हे सर्वांत उपयोगी उपकरण. खुणा प्रत्येक पिशवीवर दोन-दोन केल्या आहेत, एक बाहेर आणि एक आत चिठ्ठीवर. धांदरट मी तुझ्या घरात असते, बाहेर नाही.

एक गंमत सांगते. वरच्या झोपडीतल्या स्वयंपाक्याला ओल्या पिशव्यांची दया आली आणि तो त्या चुलीवरच्या फळीवर वाळत घालायला निघाला. सर असे धावले, की चष्मा मागे आणि ते पुढे! मग त्यांनी आम्हाला समजावलं. वरच्या थंडीत मातीतले सूक्ष्मजीव स्फुरद पोटात धरून बसलेले असतात. माती वाळवली की ते मरतात, पोटातलं सगळं बाहेर सांडतं आणि मोजायला गेलं की वाटतं, केवढं हे मोकळं स्फुरद! म्हणून माती बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि ताजीच तपासायची.

आता अडचण. तळावरच्या तपासणीत गवताच्या पट्ट्यात मोकळं स्फुरद सर्वांत कमी निघालं. तुझ्या आलेखाच्या अगदी उलट. सर दोन दिवस जेवतानाही आकडे पडताळत होते. तुझ्यावर त्यांची इतकी श्रद्धा आहे, की ते स्वतःचंच काय चुकलं ते शोधताहेत. तुझी तेव्हाची नोंदवही पाठवशील का, असं त्यांनी भीत भीत विचारायला सांगितलं आहे.

गुडघ्यांना तेल लाव. माझ्यावर रागावताना बसून रागव, उभी राहू नकोस.

तुझी भिंगरी

*

घरून, ११ जून

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. नोंदवही सापडत नाही. घर झाडून काढलं. इतक्या वर्षांची वस्तू, कुठे वाळवीने खाल्ली असेल.

मला आश्चर्य मात्र वाटत नाही. पिशव्या बदलल्या आहेत, दुसरं काय? खालच्या वर आणि वरच्या खाली. ज्या बाईने स्वतःच्या लग्नाला दोन पायांत दोन वेगळ्या चपला घातल्या, तिच्या हाती नमुने दिल्यावर वेगळं काय होणार? चष्मिसालाही मी निराळं पत्र घालून हेच कळवलं आहे. शास्त्रात हौशी माणसांची लुडबुड नको, हे मी त्याला विद्यार्थी असल्यापासून सांगत आले.

त्याची माझ्यावर श्रद्धा आहे हे वाचून बरं वाटलं. ते कळायला तुझं पत्र यावं लागलं, हे तितकंसं बरं वाटलं नाही. मला तो वर्षातून एकदा भेटकार्ड पाठवतो. तुझ्याबरोबर मात्र शिट्ट्या आणि गमती.

उत्तराची घाई नाही.

ताई

*

तळावरून, २० जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र सरांना पोचलं. वाचून त्यांनी घडी घातली आणि चष्मा पुसला. मग म्हणाले, मॅडम म्हणतात तर तसंच असेल. हे नमुने टाकून द्यायचे आणि पाऊस सरल्यावर पुन्हा चढायचं ठरलं आहे. त्या वेळी माणसं दुसरी असतील. मला त्यांनी फार प्रेमाने सांगितलं, म्हणून जास्त लागलं. तुला म्हणून सांगते, ताई, आमचे हे गेल्यापासून सकाळी उठावंसं वाटलं असं हे पहिलंच काम होतं.

पण मी तुला दुसरंच लिहायला बसले आहे. त्या वर्षी तू डोंगरावरून परत आलीस, तेव्हा तुझी सॅक मी रिकामी केली होती. मातीच्या पिशव्यांना धुराचा वास होता. त्यातली माती कोरडी ठाक, हातात भुरभुरली. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. चुलीची गोष्ट ऐकली त्या दिवशी आठवलं. सरांना मी बोलले नाही आणि बोलणारही नाही.

उद्या त्यांना सांगते, की हो, पिशव्या माझ्याच हातून बदलल्या. मला कोण काय म्हणणार? खेळाची बाई, वय झालेलं, हसतील आणि सोडून देतील. तुझं मात्र त्या जिन्यात नाव आहे. ते राहू दे.

काळजी करू नकोस आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी भिंगरी

*

घरून, २७ जून

भिंगरे,

आशीर्वाद वगैरे शेवटी बघू. चष्मिसाला ते सांगितलं नसशील तर सांगू नकोस. सांगितलं असशील तर आत्ता उठ, शिट्टी फुंक आणि सांग की खोटं बोलले.

कॉन्व्हेंटच्या शाळेत माझ्या हातून चॅपलमधली फुलदाणी फुटली, तेव्हाही तू पुढे होऊन हात वर केलास. दुपारभर उन्हात उभी राहिलीस. आणि संध्याकाळी मदर सुपीरियरनी लिमलेटची गोळी कुणाला दिली? तुला! किती धीराची पोर म्हणे. मी फोडलेल्या फुलदाणीवर तू लाडकी झालीस. तेव्हापासून हेच चाललंय. माझा डोंगर घेतलास, माझा विद्यार्थी घेतलास, आता माझी चूकही घ्यायला निघालीस होय? ती नाही मिळायची.

नोंदवही कपाटात होती. तुझं चुलीचं पत्र वाचलं आणि मी ती मांडीवर उघडली आणि त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: पावसाने वाट बंद, झोपडीत तीन दिवस मुक्काम, गवताच्या आणि झुडपांच्या पट्ट्यातले नमुने कुजू नयेत म्हणून चुलीवर वाळवले. खालचे नमुने ताजेच तपासले. अहवालात मी सगळे ताजे म्हणून लिहून टाकलं. चुलीचं लिहिलं असतं तर गावठी वाटलं असतं. आलेखात जे वर चढलंय ते मेलेल्या जिवांच्या पोटातलं स्फुरद आहे. हे कळल्यावर तासाभराने मी तुला पिशव्या बदलल्याचं पत्र लिहिलं. कळल्यावर लिहिलं, हे नीट वाच. तू तिथे हसत होतीस आणि मी इथे गुडघ्याला तेल लावत होते, याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं.

काल नोंदवही रजिस्टर पोस्टाने चष्मिसाला पाठवली, त्या पानावर खूण घालून. कळवलं आहे, की तुझे नमुने अचूक आहेत, एकही टाकायचा नाही आणि पावसानंतर तुला नेलं नाही तर मी गुडघ्यांसकट तिथे येऊन त्याचे कान उपटीन. जिन्यातला आलेखही काढायला सांगितला आहे. तो जो नवा लेख लिहील, त्यात चुलीची चूक माझ्या पूर्ण नावाने छापायची, ही माझी अट. सूक्ष्मजीवांच्या पोटात किती होतं ते माझ्या वाळवलेल्या मातीच्या आकड्यांवरून त्याला थोडंफार ताडता येईल, हेही त्याच्या लक्षात आणून दिलं. ते त्याला आपणहून सुचलं नसतं.

नमुन्यांचं श्रेय तुझं. सुखाने घे, मला पोटात दुखायचं तेवढं दुखेल. चूक माझी एकटीची आहे. तीत तुझं नाव कुठे दिसलं तर याद राख.

अनेक आशीर्वाद.

ताई