वाफ्यातले चौथे झाड

मी, काशिफ शमशुद्दीन शिकलगार, वय सव्वीस, धंदा मोटार रिवाइंडिंग, राहणार उचगाव, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. हृदय नाही. त्याची झडप दुसऱ्यांदा बदलायची आहे, त्यासाठी सोमवारी दवाखान्यात दाखल व्हायचे आहे. कोणाची बळजबरी नाही. उलट घरात सगळे "असलं काय लिहू नगंस" म्हणाले. माझी शाळा नववीत सुटली, म्हणून अडलेला शब्द बहीण आफशीनच्या शब्दकोशात बघून लिहिला आहे. कुठे खाडाखोड दिसली तर ती माझी समजू नये.

१. माझे लग्न झालेले नाही. वारस दोनच, अब्बा शमशुद्दीन आणि अम्मा बिबीजान; अब्बा असताना बहीण वारस होत नाही. घर अब्बांचे आहे, त्याविषयी मी काही लिहिणे बरोबर नाही. बँकेत दवाखान्याचे भागून जे उरेल ते शरीयतप्रमाणे त्या दोघांचे. खाली मी ज्या वस्तू इतरांना देत आहे त्या, वारसांबाहेर देता येतो त्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसतात, हे वकिलांनी बघितले आहे. मी त्यांना दोनदा विचारले.

२. वाइंडिंगचे मशीन, मीटर आणि सगळी हत्यारे दुकानातला जोडीदार मुनव्वर याला. त्याने मीटर वापरून झाल्यावर बंद करावा, दर वेळी सेल उतरतात. माझी मोठी पक्कड "सापडत न्हाय" म्हणून त्याने दोन वर्षे घरी ठेवली आहे. ती आता त्याचीच झाली. शोधायचे थांबवावे.

३. मोबाईल आफशीनला. पासवर्ड तिला आधीपासून माहीत आहे, हे मलाही माहीत आहे. तिने कॉलेज सोडू नये. माझ्या मागे चाळिसाव्या दिवसाला येणाऱ्या पाहुण्यांसाठीसुद्धा एक दिवस बुडवू नये.

४. परसातील ब्ल्यूबेरीची तीन झाडे आजऱ्याचा मित्र पिराजी याला.

याचे कारण लिहितो. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी शेजारच्या कॉटवरच्या माणसाने मला त्याच्या डब्यातली मूठभर निळी फळे दिली होती. मी अम्मालाही एक दिले. ती म्हणाली, "हे तर जांभळाचं पोरगं हाय की." त्या दिवशी ती बऱ्याच दिवसांनी हसली होती. तेव्हाच ठरवले की ही घरी लावायची.

उचगावची काळी माती या झाडाला सोसत नाही. त्याला आंबट माती लागते, आणि बोअरच्या पाण्यातला क्षार चालत नाही. म्हणून मी मशीनच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून मांडीएवढे उंच वाफे केले. आत घालायला तांबडी माती आणि कुजलेला पाला पिराजीने आणला. काजू कारखान्याची जळलेली मोटार घेऊन तो दुकानात आला होता, ती आमची ओळख. पोती उतरवताना म्हणायचा, "पावणं, लोक आजऱ्यासनं काजू नेत्यात, तुमी माती न्या!" अब्बा दारातून म्हणायचे, "त्यापरास कोथमीर लाव की. आमटीत तरी पडंल."

पहिल्या वाफ्यातली सगळी रोपे वाळली. पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. मी माती तपासली, पाणी तपासले, काही कळेना. मग एकदा पहाटे फजरच्या नमाजानंतर बाहेर आलो तर अम्मा वाफ्यापाशी वाकली होती. बंबाखालची राख चिमटीने प्रत्येक रोपाच्या बुडाशी टाकत होती आणि ओठ हलत होते. माझे नाव ऐकू आले. आमच्या घरात कढीपत्ता, शेवगा, दोडका, सगळे राखेवर वाढले आहे. पण राखेने मातीचा आंबटपणा जातो.

मी आत गेलो. रोपे उपटली त्या दिवशी तिने विचारले, "माजं कायतरी चुकलं व्हय रं?"

मी म्हणालो, "न्हाय अम्मा. नर्सरीवाल्यानं फसवलं."

तो माणूस अजून तिच्या शिव्या खातो. त्याची मी इथे माफी मागतो.

दुसऱ्या वाफ्यात चार रोपे लावून मी त्याला जाळी बसवली आणि औषध मारले आहे, हात लावू नका, असे सांगितले. अम्मा ऐकते. रोज राख घेऊन जाळीपर्यंत येते, थोडी थांबते आणि मग ती कढीपत्त्याला घालते. चारही झाडे जगली. आता फुले आहेत, लहान पांढऱ्या घंटांसारखी. फळ अजून कोणी खाल्लेले नाही. पिराजीने तीन झाडे मुळाच्या मातीसकट न्यावीत. आजऱ्यात ती नक्की जगतील.

५. हे कलम आणि वरच्या कलमातली राखेची हकिगत अम्मासमोर वाचू नये.

चौथे झाड अम्माला. माझ्या मागे त्याची जाळी काढावी. तिला राख घालू द्यावी, बोअरचे पाणी घालू द्यावे. झाड एखादे वर्ष तग धरेल, कदाचित तेवढेही नाही. पण मी नसताना सकाळी उठून ती हाताने काय करणार, याची मला झाडापेक्षा जास्त काळजी आहे. झाड गेले तर नर्सरीवाल्याने फसवले असेच सगळ्यांनी सांगावे.

अम्मा वारस असल्यामुळे या कलमाला दुसऱ्या वारसाची, म्हणजे अब्बांची संमती लागते. वकील म्हणाले, ती माझ्या मागेच द्यायची असते. तरी मी काल अब्बांना कलम वाचून दाखवले आणि आत्ताच सही करता का विचारले. ते उठून वाफ्याच्या जाळीपाशी गेले. मग म्हणाले, "राख मी चाळून दितो तिला. सही करत न्हाय. तू जिता हाईस अजून."

म्हणून ती जागा मोकळी सोडली आहे.

ठिकाण : उचगाव
दिनांक : ३० जानेवारी २०२५
सही : काशिफ शमशुद्दीन शिकलगार

साक्षीदार (दोघांनाही यातले काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे) :
१. विजयसिंह आनंदराव घाटगे, कागल
२. यशराज बाळासो चौगुले, उचगाव

कलम ५ ला संमती, शमशुद्दीन शिकलगार :
(आज कोरे)