गुजरातीचं वर्ष

पांडेसरा, सुरत
जून १९९४

ती. वाल्मिकमामा,

नमस्कार. तो सवयीनं लिहिला गेला.

मी मराठी शाळेतून दहावी झाले. इथलं सायन्स गुजरातीत, म्हणून सरांनी आधी वर्षभर गुजराती पक्की करायला सांगितलं. तुम्ही आमच्या ओट्यावर पाय पसरून निकाल दिलात, "भाषेसाठी वर्ष घालवायचं? पोरीला मराठीत आर्ट्स घेऊन द्या, नाहीतर उजवून टाका."

मामा, उभा जन्म सुरतेत काढून बसची गुजराती पाटी तुम्ही मला वाचायला लावता!

तुमच्याच बहिणीनं, माझ्या आईनं, आज त्या वर्षासाठी गुजरातीच्या वर्गात माझं नाव घातलं.

हे पत्र आत्ता पाठवत नाही. वर्षभरानं हेच गुजरातीत लिहून पाठवीन. ते वाचून घ्यायला तुम्ही माझ्याकडेच याल. मी वाचीन. मोठ्यानं, ओट्यावरच्या सगळ्यांसमोर.

तुमची वाचणारी भाची,
हर्षदा