माझ्यामागे खिडकीत चेहरा असावा की नसावा

मी, खाली सही करणारा, धंद्याने काचकाम करणारा, गल्लीत लहानथोर ज्याला 'तावदानकाका' म्हणतात तो, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, राजीखुशीने आणि कुणीही पाठीशी उभे नसताना लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण वकीलबाईंनी तो मागितला. मी त्यांना म्हणालो होतो, की शाळेत असताना पाठ केलेली मोठी कविता पहिल्या ओळीपासून म्हणून दाखवतो, एक शब्द हलला तर सांगा. त्या म्हणाल्या, "काका, कोर्टात कविता चालत नाही." चालायला हवी, एवढे माझे मत इथे नोंदवून पुढे जातो.

मी एकाच देवाला मानतो. त्याला कुणी पाहिलेले नाही आणि तो मात्र सगळ्यांना पाहतो. त्याच्या दहाही आज्ञा मला लहानपणी आईने भांडी घासता घासता पाठ करून दिल्या. त्या मी जमेल तशा नव्हे, पाळायच्या म्हणून पाळल्या. यात नम्रपणा दाखवण्याचे कारण मला दिसत नाही. रविवारी दुकान उघडले नाही. पावणेचार मिलिमीटरची काच चारची म्हणून विकली नाही. शेजाऱ्याच्या बंगल्याकडे पाहिले ते त्याच्या खिडक्यांचे माप घ्यायला, हेवा करायला नाही.

यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते एकच होते आणि त्यात सगळे पत्नीच्या नावे होते. ती माझ्या आधी प्रभूकडे जाईल हे त्या वेळी माझ्या ध्यानीमनी नव्हते.

कलम पहिले. दुकानावरचे राहते घर मुलगा आणि मुलगी यांना सारखे. मुलगा बंदरावर नोकरी करतो आणि दर सुट्टीला येऊन सांगतो, "बाबा, या लाकडी चौकटी काढा, सरकत्या खिडक्या बसवू, माझे मित्र हसतात." मित्रांना हसू द्यावे. निदान बैठकीच्या खोलीतली पूर्वेची खिडकी लाकूड टिकेल तोवर काढू नये. तिच्यापाशी बसून माझी पत्नी कपड्यांना बटणे लावायची आणि मी तिला कविता म्हणून दाखवायचो. ती ऐकत नसे. दोरा दाताने तोडताना मधेच विचारायची, "झाली का?" नाही म्हटले तर दुसरा सदरा घ्यायची. इतका गुणी श्रोता मला पुन्हा मिळाला नाही.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते दोघांत निम्मे. त्यावरून वाद होणार नाही. दोघांनाही मी ओळखतो.

कलम तिसरे. कवितांची पुस्तके, शाळेतल्या क्रमिक पुस्तकांसकट, मुलाच्या मुलीला. तिने ती पाठ करावीत असा आग्रह नाही. पण मोठ्याने वाचावीत. कविता मनात वाचणे म्हणजे वास घेऊन जेवण झाले म्हणणे.

कलम चौथे. दुकान, दुकानातला सर्व माल, मोठे टेबल, गुण्या, पट्ट्या, तावदानाच्या फटीत लांबी भरायच्या सुऱ्या, शिशाला डाग द्यायची भट्टी आणि काच कापायची माझी हिरकणी, हे सगळे एकट्या मुलीला. मुलाने याबद्दल मनात काही धरू नये. त्याला काच दिसली की तो तिच्यात भांग पाडतो.

हिरकणीबद्दल दोन शब्द लिहितो. काच कापताना रेघ एका दमात जावी लागते. हात मधे थबकला तर काच भलतीकडे तडकते, आणि एकदा ओढलेल्या रेघेवरून दुसऱ्यांदा हिरकणी फिरवली तर हमखास. माझा हात सुरुवातीला थबकायचा. मग मी कविता म्हणत कापू लागलो. एक चरण, एक रेघ. लहान तावदानाला आखूड वृत्त, दुकानाच्या मोठ्या काचेला लांब. गिऱ्हाइके म्हणत, म्हातारा मंत्र म्हणतो. म्हणोत. पण गोल कापणे मला कधी साधले नाही, कारण माझ्या सगळ्या कविता सरळ होत्या. माझी मुलगी गोल कापते. पान कापते, पाण्याची लाट कापते, आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही. रंगीत तुकडे शिशाच्या पट्टीत बसवण्याचे काम ती दुसऱ्या कारागिराकडे जाऊन शिकली आणि पहिले तबकडीएवढे काम करून आणले तेव्हा मी ते उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिलो. म्हणालो, "ठीक आहे." ती हसली. माझे 'ठीक आहे' म्हणजे काय हे तिला ठाऊक आहे. इतरांसाठी खुलासा: असे काम मी जन्मात पाहिले नव्हते.

कलम पाचवे. माझ्या मेव्हण्याला, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावाला, मी काही ठेवत नाही. याचे एक कारण असे, की मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही मिळू नये असे वकीलबाई सांगतात, आणि मला तोच साक्षीदार हवा आहे. दुसरे कारण खिडकी.

मेव्हणा गवंडी. आमच्या मंडळीचे उपासनामंदिर बांधले तेव्हा व्यासपीठामागची भिंत त्याने उचलली आणि मधोमध उंच खिडकीची जागा सोडली. तिथे रंगीत काचेत प्रभूचा चेहरा बसवावा असे पंचांचे म्हणणे होते. काम माझ्याकडे आले. मी पंचांसमोर उभा राहून दुसरी आज्ञा, म्हणजे कशाचीही मूर्ती वा प्रतिमा करू नको ही, म्हणून दाखवली आणि विचारले, यात काचेला सूट कुठे आहे? मग मी तिथे साधी, स्वच्छ तावदाने बसवली. आमचा देव डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्यामुळे बाकी सगळे दिसते. त्याच्यासाठी साध्या काचेहून योग्य काही मला सुचले नाही, अजूनही सुचत नाही.

अडचण एवढीच झाली, की त्या काचेतून पलीकडचे अंगण दिसे आणि अंगणातल्या शिंपीणबाई नेमक्या रविवारी कपडे वाळत घालत.

"भाऊजी," मेव्हणा पहिल्याच रविवारी म्हणाला, "मी उपासनेला येतो आणि समोर लोकांचे लेंगे."

"तेही त्यानेच दिलेल्या उन्हात वाळतात," मी म्हणालो.

"मग प्रवचनात पाळकांनी आता लेंग्यांवरच बोलावं."

तेव्हापासून आमचे हे चालू आहे. तो पंचांचा प्रमुख झाला, आम्हा दोघांचे केस गेले, मधे माझी पत्नी त्याच व्यासपीठासमोर शेवटची आणून ठेवली गेली आणि त्या दिवशी साध्या काचेतून तिच्यावर ऊन पडले. मेव्हण्याने ते पाहिले. दुसऱ्या रविवारी पुन्हा म्हणाला, "लेंगे." मी त्याला क्षमा केलेली आहे, कारण ती आज्ञा आहे. पण त्याचे म्हणणे चूक होते हेही इथे लिहून ठेवतो.

कलम सहावे. हे मी असे लिहिले होते:

'दुकान व हत्यारे मुलीला या अटीवर मिळतील, की ती त्या हत्यारांनी, त्या टेबलावर, देवबापाचा अथवा प्रभू येशूचा चेहरा कुठल्याही काचेत कधीही करणार नाही. अट मोडल्यास दुकान मंडळीच्या अनाथालयाकडे जाईल.'

वरील कलम मी एका रेघेने खोडले आहे. शेजारी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची छोटी सही आहे. वकीलबाई म्हणाल्या, "काका, नवीन कागदावर स्वच्छ लिहून द्या, खोडाखोड कशाला?" मी नाही म्हणालो. खोडलेले वाचता आले पाहिजे. मुलीला कळले पाहिजे, की तिच्या बापाने काय लिहिले आणि का काढले.

गेल्या वर्षी व्यासपीठामागची खिडकी बदलायचे पंचांनी ठरवले आणि काम माझ्या मुलीला देऊ केले. ती घरी आली. जेवताना मीच विषय काढला.

"करणार आहेस?"

"तुम्ही सांगा."

"मी काय सांगणार. मोशेने दुसऱ्या आज्ञेत सांगून ठेवलंय."

"बाबा, देव दिसत नाही हे खरंच. पण तो माणूस होऊन आला की नाही? आईच्या मांडीवर बसला, मासे भाजून खाल्ले. तेव्हा त्याला चेहरा होताच ना?"

"ज्यांनी पाहिला त्या शिष्यांनी काढून ठेवला नाही."

"त्यांना चित्रकला येत नसेल. कोळी होते बिचारे."

मला हसू आले आणि हसू आले याचा राग आला. मी म्हणालो, आपण चेहरा काढला की त्याला आपल्याच ओळखीच्या माणसाचे नाक येते, आणि मग आपण त्या नाकाची उपासना करतो. ती म्हणाली, चेहरा नसला तरी माणूस मनात कुणाला तरी बसवतोच. निदान काचेत काढला तर चुकलेला सगळ्यांना दिसेल. मी ताक मागितले. दुसऱ्या दिवशी तिने काम नाकारल्याचे कळले, आणि मी मान वर करून रविवारी पहिल्या बाकावर बसलो. वाटले, पाचवी आज्ञा पाळणारी मुलगी आहे माझी, बापाचा मान राखणारी. कलम सहावे मी त्याच संध्याकाळी लिहून काढले, एका दमात.

परवा मेव्हणा दुकानात आला. स्टूल ओढून बसला, आणि लेंग्यांचा विषय काढला नाही तेव्हाच मी समजलो की बाब गंभीर आहे.

"भाऊजी, पोरीला मोकळं करा."

"मी कुठे बांधलंय तिला?"

"पाळकांनी तिला पुन्हा विचारलं. काय म्हणाली सांगू? म्हणाली, बाबा आहेत तोवर नाही. आणि ते काहीतरी लिहितायत. त्यांनी लिहून ठेवलं तर त्यांच्यानंतरही नाही. मग देवाला काय वाटतं ते मला विचारावंच लागणार नाही."

"असं म्हणाली?"

"अगदी अस्संच. रागाने नाही हो. साधं, तुम्ही काचेचा भाव सांगता तसं."

तो गेल्यावर मी कलम सहावे काढून वाचले. भाषा चांगली होती. पण मग मला दिसले, की देवाने आज्ञा दिल्या आणि माणसाला बागेत मोकळे सोडले; मनाई केलेल्या झाडालाही कुंपण घातले नाही. तो इतका मोठा की 'नाही' ऐकून घेण्याची त्याची तयारी असते. मी मात्र अनाथालयाचे नाव मधे घालून पक्का बंदोबस्त केला होता. माझी मुलगी प्रार्थनेला बसेल तेव्हा तिला पलीकडे माझा चेहरा दिसेल, माझे नाक दिसेल, आणि ती त्याला हो म्हणेल. चेहरा करू नये म्हणणाऱ्यानेच असा चेहरा घडवला असता, तोही न पुसला जाणारा. म्हणून रेघ मारली. एकच, आणि हात थबकला नाही.

मत मात्र मी बदललेले नाही. दुसरी आज्ञा मला आजही तशीच ऐकू येते जशी आईने भांड्यांच्या आवाजात सांगितली. माझी मुलगी ती वेगळी ऐकते. माझ्याइतक्याच लक्षपूर्वक ऐकते, आणि माझ्याशी सहमत नाही. हे मी या कागदावर लाजेने नव्हे, छाती काढून लिहीत आहे. माझ्याशी वाद घालायला पवित्र शास्त्र माझ्याहून जास्त वाचावे लागते. तिने वाचले आहे.

कलम सातवे. खिडकी बदलली गेली तर उतरवलेली साधी तावदाने फोडू नयेत. ती पलीकडच्या शिंपीणबाईंना द्यावीत. त्यांच्या पडवीला काच नाही आणि इतकी वर्षे आम्ही त्यांच्या वाळवणाकडे बघत आलो, तेव्हा एवढे देणे लागतो.

कलम आठवे. माझ्या कबरीवर फोटो नको. इथे तरी माझे चालू द्यावे.

कलम नववे आणि शेवटचे. हे कलम अट नव्हे. मुलीने ते वाचावे आणि मग वाटेल ते करावे. पंच म्हणतात, तू केले नाहीस तर कारखान्यातून तयार खिडकी मागवू. तो नमुना मी पाहिला आहे. त्यात प्रभूच्या गालांना गुलाबी रंग आहे आणि डोळे दुकानातल्या बाहुलीचे आहेत. तेव्हा माझी शेवटची इच्छा अशी: माझ्यामागे त्या खिडकीत चेहरा असू नये. पण असलाच तर तो माझ्या मुलीच्या हातचा असावा. दुसऱ्या कुणाचे काम तिथे मला खपणार नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले, मोठ्याने वाचले, समजून सही केली.

स्थळ: दुकानामागची खोली, मोठ्या टेबलावर.
दिवस: सोमवार, उपासनेचा दुसरा दिवस, सकाळचे ऊन असताना.

(सही) मृत्युपत्र करणारा, तावदानकाका

साक्षीदार पहिला: (सही) मेव्हणा, गवंडी, पंचांचा प्रमुख. कलम पाचवे वाचले. मान्य नाही. सही मात्र खरी आहे.

साक्षीदार दुसरी: (सही) गल्लीच्या तोंडच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीण. कलम सहावे खोडलेले पाहिले, शेजारी सही केली. सह्या झाल्यावर काकांनी खोलीचे दार उघडून मुलीला आत बोलावले आणि हे सह्यांचे पान माझ्याकडे ठेवून बाकीचे कागद वाचायला तिच्या हातात दिले. ती अजून वाचते आहे. आम्ही बाहेर थांबलो आहोत.